विश्लेषण : सायकलला रस्त्यावर जागा कुणी मिळवून दिली? कर्नल पोप यांची लढाई नेमकी काय होती?

सायकल घेऊन रस्त्यावर उतरायला परवानगी लागत नाही, हे आपण गृहीत धरतो. पण सुमारे १४० वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सायकल चालवली म्हणून लोकांना अटक होत होती. सायकल म्हणजे वाहन, खेळणे की पादचाऱ्याच्या हातातील सामान, हेच कायद्याला ठरवता येत नव्हते. हा प्रश्न कोर्टात, विधिमंडळात आणि पुढे थेट अमेरिकी संसदेत नेणाऱ्यांमध्ये एक नाव सर्वांत पुढे होते. ते म्हणजे बॉस्टनचे उद्योजक कर्नल अल्बर्ट ऑगस्टस पोप. सायकलला कायद्याचे संरक्षण मिळावे आणि तिच्यासाठी रस्ते चांगले व्हावेत, यासाठी त्यांनी पैसा ओतला. त्यांचा त्यात स्वार्थही होता, कारण ते स्वतः सायकली विकत होते. आणि ज्या मोटारींनी पुढे सायकलस्वारांना रस्त्याच्या कडेला ढकलले, त्या मोटारीही त्यांनी बनवल्या. त्यांच्या आयुष्याचा हा आढावा.

अल्बर्ट पोप कोण होते?

पोप यांचा जन्म २० मे १८४३ रोजी बॉस्टनमध्ये झाला. वडील व्यापारी होते. अल्बर्ट लहान असतानाच वडिलांचा व्यवसाय बुडाला आणि घरची परिस्थिती बिघडली. त्यामुळे शाळकरी वयातच त्यांना शेतात राबावे लागले, भाजीपाला विकावा लागला. शिक्षण अर्धवट सुटले. पुढे त्यांनी बॉस्टनच्या बाजारात आणि नंतर चपला-बुटांचे सामान विकणाऱ्या दुकानात नोकरी केली.

अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्यावर १८६२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते मॅसॅच्युसेट्सच्या ३५ व्या पायदळ पलटणीत सेकंड लेफ्टनंट म्हणून दाखल झाले. युद्ध संपेपर्यंत त्यांना मानद लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मिळाला होता. पुढे आयुष्यभर लोक त्यांना कर्नल पोप म्हणूनच ओळखत राहिले. युद्धानंतर त्यांनी बूट बनवणाऱ्यांना लागणाऱ्या सामानाचा स्वतःचा धंदा सुरू केला आणि तिशी ओलांडेपर्यंत ते चांगले श्रीमंत झाले होते.

सायकलशी त्यांचा संबंध कसा आला?

१८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शंभरी साजरी करण्यासाठी फिलाडेल्फियात मोठे प्रदर्शन भरले. तिथे इंग्लंडहून आलेल्या उंच चाकाच्या सायकली मांडल्या होत्या. पोप यांचे लक्ष त्या यंत्रांनी वेधले. पुढच्याच वर्षी त्यांनी एका इंग्रज पाहुण्याच्या मदतीने स्वतःसाठी एक सायकल बनवून घेतली. तिला तीनशेहून अधिक डॉलर खर्च आला. एवढ्या किमतीत ती कुणी विकत घेणार नाही, हे उघड होते. म्हणून आधी इंग्लंडमधून काही सायकली मागवून त्या विकून पाहिल्या.

१८७८ मध्ये त्यांनी कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड शहर गाठले. तिथे वीड सोइंग मशीन कंपनी शिलाई यंत्रे बनवत होती. पोप स्टेशनवरून कारखान्यापर्यंत सायकलवरूनच गेले आणि त्यांनी ५० सायकलींची ऑर्डर दिली. तिला नाव दिले कोलंबिया. शिलाई यंत्राचा कारखाना निवडण्यामागे हिशेब होता. हार्टफर्डच्या बंदुका आणि शिलाई यंत्रांच्या कारखान्यांत एकाच मापाचे, एकमेकांच्या जागी बसणारे सुटे भाग मोठ्या संख्येने बनवण्याचे तंत्र रुळले होते. सायकलला नेमके तेच हवे होते. पुढे १८९० मध्ये पोप यांनी ही वीड कंपनीच विकत घेतली.

याच काळात त्यांनी सायकलची महत्त्वाची अमेरिकी पेटंट गोळा करायला सुरुवात केली. त्यात फ्रेंच कारागीर पियेर लालमाँ यांचे १८६६ चे, पायडलने चालणाऱ्या सायकलचे पेटंटही होते. परिणामी अमेरिकेत इतर कुणाला सायकली बनवायच्या असतील, तर पोप यांना रॉयल्टी द्यावी लागे. यातून त्यांनी भरपूर पैसा मिळवला आणि शत्रूही मिळवले. पुढच्या कायदेशीर लढाया लढण्याइतकी ताकद त्यांच्याकडे आली ती याच पैशातून.

उंच चाकाची सायकल धोकादायक का होती?

त्या सायकलला साखळी नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असत. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. त्यामुळे वेग वाढवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे चाक मोठे करणे. ५४ इंच व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे ४.३ मीटर अंतर कापते. म्हणून पुढचे चाक छातीइतके उंच आणि मागचे अगदी छोटे, अशी ती रचना होती.

अडचण अशी, की स्वार जवळजवळ पुढच्या आसाच्या बरोबर वर बसे. रस्त्यातील दगड किंवा खड्ड्याने पुढचे चाक अडले, की सगळे शरीर त्या आसाभोवती फिरून डोके पुढे करून खाली आपटे. हात मोडणे, डोके फुटणे हे प्रकार नेहमीचे होते. अपघाताचे कारण बहुतेक वेळा दुसरे वाहन नसे, तर रस्ताच असे. सायकलस्वाराची सुरक्षितता रस्त्याच्या पृष्ठभागावर अवलंबून आहे, हे पोप यांच्या पुढील सगळ्या मोहिमांचे मूळ इथे आहे.

१८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर ही सायकल आणली. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळीने गती. दातेरी चक्रांच्या प्रमाणामुळे छोट्या चाकालाही मोठ्या चाकाचा वेग मिळू लागला आणि स्वार दोन चाकांच्या मध्ये, जमिनीच्या जवळ आला. या प्रकाराला सेफ्टी बायसिकल असेच नाव पडले. १८८८ मध्ये बेलफास्टचे जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेला टायर आणला आणि हादरेही कमी झाले. पोप यांनीही लवकरच सेफ्टी सायकली बनवायला घेतल्या. नळ्यांचे पोलाद आणि टायरचे रबर यांचे कारखाने त्यांनी आपल्या हाताखाली आणले, धातूची ताकद तपासणारी प्रयोगशाळा उभारली. चालत्या सायकलचा सांगाडा मोडला तर काय होते, हे वेगळे सांगायला नको.

मग सायकलवर बंदी का होती?

त्या काळी रस्ते घोड्यांचे होते. बग्गीला जुंपलेला घोडा अचानक समोर आलेल्या उंच चाकाला बुजतो, उधळतो आणि बग्गी उलटते, ही मुख्य तक्रार होती. श्रीमंत मंडळी बग्ग्यांतून फिरायला जात त्या बागांमधून तर सायकल नकोच, असे नगरपालिकांचे म्हणणे होते. दुसरीकडे, रस्ते इतके खराब होते की सायकलस्वार फूटपाथवर चढत. मग पादचारी तक्रार करत. म्हणजे रस्त्यावर घोडेवाले नको म्हणत आणि फूटपाथवर पादचारी.

त्यामुळे अनेक शहरांनी आपापल्या परीने बंदी घातली. एका गावात चालणारी गोष्ट पुढच्या गावात गुन्हा ठरे. सायकलस्वाराला एखाद्या बग्गीने धडक दिली, तर तो मुळात तिथे असायलाच नको होता, असा युक्तिवाद होऊ शके. कायद्यात जागा नसणे म्हणजे अपघातानंतर दाद मागायलाही जागा नसणे, असा तो पेच होता.

३१ मे १८८० रोजी ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट येथे सायकलस्वारांच्या क्लबांनी एकत्र येऊन लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन ही राष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिच्या स्थापनेत पोप यांचा वाटा होता आणि पहिले अध्यक्ष चार्ल्स प्रॅट हे पोप यांचेच पेटंटचे वकील होते. पोप यांनी सायकल शिकवण्यासाठी शाळा काढली. १८८२ मध्ये सायकलला वाहिलेले मासिक सुरू केले आणि त्याची जबाबदारी एस. एस. मॅक्‌क्लूर या तरुणाकडे दिली. हेच मॅक्‌क्लूर पुढे अमेरिकेतील शोधपत्रकारितेचे मोठे संपादक झाले.

सेंट्रल पार्कचा खटला काय होता?

न्यूयॉर्कच्या उद्यान आयुक्तांनी सेंट्रल पार्कमध्ये सायकलींना मनाई केली होती. पोप आणि लीग यांनी हा नियम कोर्टात तपासून घ्यायचे ठरवले. त्यासाठी कुणाला तरी तो मोडावा लागणार होता. १८८१ च्या उन्हाळ्यात तीन सायकलस्वार ठरवून उद्यानात शिरले आणि त्यांना अटक झाली. खटल्यासाठी हजारो डॉलर लागले. त्याचा भार पोप यांनी उचलला.

सायकलींना घोडे बुजतात हे आयुक्तांचे म्हणणे, तर घोड्याला नव्या गोष्टीची सवय होते आणि सायकल हे इतर वाहनांसारखेच वाहन आहे हे सायकलस्वारांचे. निकाल मात्र सायकलस्वारांच्या विरोधात गेला. उद्यानात कशाला परवानगी द्यायची हे ठरवण्याचा अधिकार आयुक्तांचा आहे, अशी कोर्टाची भूमिका होती.

कोर्टात हार झाली, पण विषय सगळ्या वर्तमानपत्रांत पोहोचला. १८८३ मध्ये आयुक्तांनी मर्यादित स्वरूपात सायकलींना प्रवेश दिला. पोप आणि त्यांच्या साथीदारांनी या पराभवातून एक धडा घेतला. आयुक्तांच्या अधिकाराला कोर्टात आव्हान देण्यापेक्षा तो अधिकारच कायदा करून मर्यादित करायला हवा. लढाईचा रोख विधिमंडळाकडे वळला.

१८८७ च्या कायद्याने काय बदलले?

१८८७ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने सायकलींविषयीचे विधेयक मंजूर केले आणि गव्हर्नर डेव्हिड हिल यांनी त्यावर सही केली. सायकलस्वारांमध्ये ते लिबर्टी बिल, म्हणजे स्वातंत्र्याचे विधेयक, म्हणून ओळखले गेले. त्याचा गाभा दोन भागांचा होता. सायकलला घोड्याच्या गाडीइतकाच रस्त्यावर हक्क राहील आणि घोड्याच्या गाडीला लागू असलेली बंधनेही तिला लागू राहतील. ज्या रस्त्यांवर आणि उद्यानांत बग्ग्यांना मुभा आहे, तिथून केवळ सायकल आहे म्हणून कुणाला हाकलता येणार नाही.

इतर राज्यांतही हाच विचार पुढे सरकला. कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १८९० मध्ये टोपीका शहराचा एक खटला आला. शहराने फूटपाथवर आणि नदीवरील पुलावर सायकलींना मनाई केली होती. न्यायालयाने सायकल हे वाहन आहे, त्यामुळे तिची जागा फूटपाथवर नसून गाड्यांच्या रस्त्यावर आहे आणि पुलावरही गाड्यांच्या मार्गावरून तिला जाता येईल, असा अर्थ लावला.

इंग्लंडमध्ये हाच मुद्दा उलट दिशेने आला होता. १८७९ मध्ये तिथल्या न्यायालयाने बेफाम सायकल चालवणाऱ्याला गाडीवानासाठीचा कायदा लागू होतो, असे ठरवले. म्हणजे आधी शिक्षेसाठी सायकल गाडी ठरली. १८८८ च्या कायद्याने ती अधिकृतपणे गाडी म्हणून मान्य झाली. त्याबरोबरच रात्री दिवा लावणे आणि पुढच्याला ओलांडताना घंटा किंवा शिटी वाजवून इशारा देणे बंधनकारक झाले.

हक्काबरोबर कोणत्या जबाबदाऱ्या आल्या?

वाहनाचा दर्जा म्हणजे फक्त सवलत नव्हे. रस्त्याच्या ठरलेल्या बाजूने जायचे, वेगावर ताबा ठेवायचा, रात्री दिवा लावायचा, फूटपाथ पादचाऱ्यांसाठी सोडायचा. सेफ्टी सायकल आल्यावर या नियमांची गरज अधिकच भासू लागली, कारण सायकलस्वारांची संख्या झपाट्याने वाढली. १८९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत वर्षाला दहा लाखांहून अधिक सायकली तयार होऊ लागल्या. स्त्रियाही मोठ्या संख्येने सायकल चालवू लागल्या.

त्यात सुसाट जाणाऱ्यांची एक नवी जमात निघाली. हँडलवर वाकून, मान खाली घालून, गर्दीतून वेगाने जाणाऱ्या या मंडळींना स्कॉर्चर म्हणत. पादचाऱ्यांना त्यांची धास्ती होती. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे प्रमुख असलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांच्या काळात सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांचे पथक निघाले. सुसाट सायकलस्वारांना आणि उधळलेल्या घोड्यांना रोखणे हे त्यांचे काम. सायकलवाल्याला पकडायला सायकलवालाच लागतो, हा त्यामागचा साधा विचार.

चांगल्या रस्त्यांची मोहीम कशी उभी राहिली?

कायद्याने रस्ता मोकळा झाला, पण रस्ता होता कुठे? शहराबाहेर पडले की अमेरिकेत मातीचेच रस्ते होते. पावसाळ्यात आणि बर्फ वितळल्यावर चिखल, उन्हाळ्यात धूळ आणि घट्ट झालेल्या चाकोऱ्या. बऱ्याच ठिकाणी गावकऱ्यांनी वर्षातून काही दिवस फावडे घेऊन रस्त्याची डागडुजी करायची, हीच देखभालीची पद्धत होती. पोप यांचे म्हणणे होते की रस्ता हे प्रशिक्षित अभियंत्याचे काम आहे आणि त्याला सरकारी पैसा हवा.

१८८९ पासून त्यांनी यासाठी जाहीर भाषणे आणि पत्रके यांचा धडाका लावला. बग्गी बनवणाऱ्यांच्या संघटनेपुढेही ते बोलले, कारण चांगला रस्ता घोडागाडीलाही हवा होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये, म्हणजे आजच्या एमआयटीमध्ये, रस्तेबांधणीचे शिक्षण सुरू व्हावे म्हणून त्यांनी देणगी दिली. बॉस्टनच्या कोलंबस अ‍ॅव्हेन्यूचा एक भाग नमुना म्हणून त्यांनी खडीचा करून दाखवला. फोडलेल्या खडीचे थर दाबून, मध्ये किंचित उंचवटा ठेवून पाणी दोन्ही कडांना वाहून जाईल, अशी ही मॅकॅडम पद्धत. लीगने १८९२ मध्ये गुड रोड्स नावाचे मासिक काढले. त्याचे संपादक आयझॅक पॉटर हे वकील आणि अभियंते होते. शेतकऱ्यांचा सुरुवातीला या मोहिमेला विरोध होता. शहरी लोकांच्या हौसेसाठी आपल्यावर कर नको, असे त्यांना वाटे. मग चिखलात अडकणाऱ्या मालगाडीमुळे शेतकऱ्याचे किती नुकसान होते, हे त्यांना हिशेब मांडून सांगितले जाऊ लागले.

पोप यांनी संसदेकडे स्वतंत्र रस्ते विभागाची मागणी करणारा अर्ज तयार केला आणि देशभरातून त्यावर सुमारे दीड लाख सह्या गोळा केल्या. १८९३ मध्ये तो संसदेत पोहोचला तेव्हा कागदाची लांबच लांब गुंडाळी लाकडी चाकांच्या जोडीवर बसवावी लागली. हा अर्ज आजही अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवला आहे. त्याच वर्षी कृषी खात्यात ऑफिस ऑफ रोड इन्क्वायरी हे छोटे कार्यालय सुरू झाले. जनरल रॉय स्टोन त्याचे प्रमुख होते आणि पहिली तरतूद होती अवघ्या १० हजार डॉलरची. अनेक नावे आणि रूपे बदलत आज तेच फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशन झाले आहे. अमेरिकेच्या महामार्गांच्या सरकारी यंत्रणेची सुरुवात सायकलस्वारांच्या रेट्यातून झाली, ती अशी.

हा रस्ता सगळ्यांसाठी होता का?

नव्हता. १८९४ मध्ये लीगने आपल्या घटनेत बदल करून सदस्यत्व फक्त गोऱ्यांपुरते मर्यादित केले. बॉस्टनच्या किटी नॉक्स या मिश्र वंशाच्या तरुणीकडे आधीपासून लीगचे सदस्यत्व होते. १८९५ मध्ये न्यू जर्सीतील अ‍ॅस्बरी पार्कच्या मेळाव्यात तिच्या सदस्यत्वावर आक्षेप घेतला गेला. १८९९ मध्ये मेजर टेलर हा कृष्णवर्णीय सायकलपटू वेगाच्या शर्यतीत जगज्जेता झाला, तेव्हाही लीगमध्ये त्याच्या वंशाच्या लोकांना प्रवेश नव्हता. संघटनेने हा ठराव जाहीरपणे नाकारला तो थेट १९९९ मध्ये.

किमतीचाही प्रश्न होता. १८९५ मध्ये कोलंबिया सायकल १०० डॉलरला मिळे. सामान्य मजुराच्या ती आवाक्याबाहेर होती. रस्त्यावरच्या हक्काची लढाई मुख्यतः शहरी, गोऱ्या, खाऊनपिऊन सुखी वर्गाने लढली आणि त्यांच्याकडे वकील, मासिके व कारखानदार होते म्हणून ती जिंकली. किमती कोसळल्यावर सायकल कामगारापर्यंत पोहोचली, तोवर लीगला ओहोटी लागली होती. १८९८ मध्ये एक लाखाच्या वर असलेली सदस्यसंख्या काही वर्षांतच घसरली.

पोप मोटारींकडे का वळले?

१८९५ मध्ये पोप यांनी हायरम पर्सी मॅक्झिम या तरुण अभियंत्याला नोकरीवर घेतले. मशीनगनचे जनक हायरम मॅक्झिम यांचा हा मुलगा. सायकलचे पोलादी नळ्यांचे सांगाडे, बॉल बेअरिंग, तारांची चाके आणि हवेचे टायर हे सगळे मोटारीला उपयोगी होते. १८९७ मध्ये पोप यांच्या कंपनीने हार्टफर्डमध्ये कोलंबिया ही विजेवर चालणारी गाडी लोकांसमोर आणली. गडगडाट करणाऱ्या इंजिनावर लोक बसणार नाहीत, असे पोप यांचे मत होते.

नवे यंत्र आणि सायकल यांची गाठ तोवर वेगळ्या प्रकारे पडली होती. ३० मे १८९६ रोजी न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्याच एका कंपनीच्या पेट्रोल गाडीने एका सायकलस्वार महिलेला धडक दिली. तिचा पाय मोडला आणि चालकाला कोठडीत जावे लागले. अमेरिकेतील मोटारीच्या पहिल्या नोंदलेल्या अपघातांमध्ये याची गणना होते. पोप यांनी ज्या रस्त्यासाठी मोहीम चालवली, त्यावर पुढे काय घडणार आहे, याची ही सूचना होती.

धंदाही बदलत होता. बाजारात सायकली फार झाल्या, किमती कोसळल्या. १८९९ मध्ये चाळीसहून अधिक कारखाने एकत्र करून अमेरिकन बायसिकल कंपनी बनवण्यात आली, पण १९०२ मध्ये तिचे दिवाळे निघाले. पोप यांनी १९०३ मध्ये कंपनी पुन्हा आपल्या नावाने उभी केली. पोप-हार्टफर्ड, पोप-टोलेडो, पोप-वेव्हरली अशा नावांनी मोटारी काढल्या. पण कारखाने विखुरलेले, मॉडेल अनेक आणि भांडवल अपुरे. १९०७ च्या मंदीत ही कंपनीही कोर्टाच्या ताब्यात गेली. १० ऑगस्ट १९०९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील कोहॅसेट येथे पोप यांचे निधन झाले. जेमतेम दहा महिने आधी हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी बाजारात आली होती.

पोप यांचा वारसा काय?

हार्टफर्डमध्ये त्यांनी कामगारांसाठी आणि शहरासाठी दिलेल्या जागेवरचे पोप पार्क आजही आहे. कंपनीचे नाव विस्मरणात गेले. टिकला तो सायकल हे वाहन आहे हा कायद्यातील विचार. १९६८ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वाहतूक करारानेही सायकल चालवणाऱ्याला चालक म्हणूनच धरले आहे.

पण या विचाराची मर्यादाही पोप यांच्याच कथेत दिसते. १८८७ मध्ये सायकलला बग्गीच्या बरोबरीचा दर्जा मिळाला, तेव्हा दोघींचा वेग आसपासचा होता. मोटार आल्यावर दर्जा कागदावर तसाच राहिला, पण वेग आणि वजन यांतील दरी प्रचंड वाढली. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. समान हक्क असलेल्या दोन वाहनांच्या धडकेत मार मात्र एकालाच बसतो. म्हणून विसाव्या शतकात स्वतंत्र सायकल मार्ग, वेगमर्यादा आणि ओलांडताना सोडायचे किमान अंतर असे नियम वेगवेगळ्या देशांत आले. पोप यांच्या काळातला प्रश्न सायकलला रस्त्यावर येऊ द्यायचे का, हा होता. आजचा प्रश्न ती रस्त्यावरून घरी सुखरूप पोहोचेल का, हा आहे.

आपल्याकडे नियम काय सांगतात?

भारतात मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत साधी सायकल मोटार वाहन नाही. त्यामुळे या कायद्याखाली तिला ना नोंदणी लागते ना चालवण्याचा परवाना. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला मात्र सायकलला लावायचा पालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नाही म्हणून होणारा दंड आणि डबलसीट दिसताच चौकात वाजणारी पोलिसांची शिट्टी चांगली आठवते. बंधनांची बाजू आपल्याकडेही आधी आली आणि ती कसोशीने राबवली गेली.

हक्काची बाजूही नियमांत आहे. फूटपाथ किंवा सायकल मार्ग असेल, तिथे मोटार वाहन चालवण्यास वाहतूक नियमांनी मनाई केली आहे. तरीही अनेक शहरांत सायकल मार्गावर दुचाक्या धावतात, गाड्या उभ्या राहतात आणि सायकलस्वाराला मुख्य रस्त्यावर उतरावे लागते. कायदा पुस्तकात येणे हा अर्धाच टप्पा असतो, हे न्यूयॉर्कमध्येही दिसले होते. पुढे अमेरिकेत स्वतंत्र रस्ते विभागाची मागणी करणाऱ्या अर्जावर सही करणारे सुमारे दीड लाख लोक होते.